बहात्तर डॉलरचा कायदा

टेक्सासच्या उत्तर टोकाला, ओक्लाहोमाच्या सीमेजवळ, डेनिसन हे गाव आहे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं जन्मगाव म्हणून अमेरिकेत ते ओळखलं जातं. १९९० च्या दशकात पीटर वीक नावाचे गृहस्थ तिथून उत्तर टेक्सासची माहिती देणारं एक संकेतस्थळ चालवत. त्यातून पैसा मिळवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. आसपासच्या गावांचे बांधकामाचे नियम लोकांना एका जागी वाचता यावेत, असं त्यांच्या मनात आलं आणि ते नियम गोळा करायला निघाले. काही गावांत चौकशी केली, ग्रंथालयं पाहिली, पण नियमांची प्रत सहजी हाती लागेना. अखेर ज्या संस्थेने ते नियम लिहिले होते तिच्याकडूनच त्यांनी ७२ डॉलर मोजून संगणकाच्या डिस्कवरची प्रत विकत घेतली.

ही संस्था सरकारी नव्हती. तिचं नाव सदर्न बिल्डिंग कोड काँग्रेस इंटरनॅशनल, मुख्यालय अलाबामातल्या बर्मिंगहॅमला. तिचं काम नमुना बांधकाम संहिता लिहिण्याचं. भिंत किती जाड असावी, जिन्याची रुंदी किती, इमारतीतून बाहेर पडायच्या वाटा किती, अशा हजार गोष्टी ती ठरवायची आणि गावांना सांगायची, ‘आमची संहिता स्वीकारा, त्यासाठी काही पैसे नकोत.’ अ‍ॅना आणि सेव्हॉय या टेक्सासमधल्या दोन छोट्या गावांनी तिची १९९४ ची संहिता छोट्याशा ठरावाने स्वीकारली होती. ठराव झाला त्या दिवसापासून ती त्या गावांचा कायदा झाली. ती मोडणाऱ्याला दंड होऊ लागला.

वीक यांनी डिस्कवरचा मजकूर ‘अ‍ॅनाची बांधकाम संहिता’, ‘सेव्हॉयची बांधकाम संहिता’ अशा मथळ्यांखाली संकेतस्थळावर टाकला. थोड्याच दिवसांत संस्थेचा निरोप आला: मजकूर उतरवा, हा आमच्या कॉपीराइटचा भंग आहे. वीक यांनी उतरवला नाही. आपण काही गैर केलेलं नाही असं न्यायालयानेच सांगावं म्हणून ते स्वतःच न्यायालयात गेले, आणि संस्थेने त्यांच्यावर उलट दावा लावला.

गावाचा कायदा गावकऱ्याने गावकऱ्यांना दाखवायचा, तर त्याला परवानगी कोणाची लागते? हा प्रश्न तेव्हा दोन गावांपुरता वाटला असेल. प्रत्यक्षात तो गेल्या शंभर वर्षांत जगभरच्या कायद्यांच्या पोटात साठत आलेला प्रश्न होता.

तो साठला कसा, हे समजायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जावं लागतं. ७ फेब्रुवारी १९०४, रविवार. बाल्टिमोर शहराच्या व्यापारी पेठेत आग लागली. वॉशिंग्टनचे बंब आगगाडीवर चढवून तातडीने आणले गेले, इतर शहरांतूनही मदत धावून आली. पण बाहेरून आलेल्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. प्रत्येक शहराचे आटे वेगळे होते. पाणी होतं, माणसं होती, बंब होते, आणि डोळ्यांदेखत दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. पुढच्याच वर्षी नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या अग्निसुरक्षा संस्थेने नळ्यांच्या आट्यांचं राष्ट्रीय मानक मान्य केलं. ही संस्था १८९६ पासून काम करत होती.

त्याच १९०५ सालच्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन इथे ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ कामगार गेले. त्या राज्याने १९०७ मध्ये बॉयलरविषयी कायदा केला. यांत्रिकी अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने १९१५ मध्ये पहिली बॉयलर संहिता काढली. १९११ च्या २५ मार्चला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागून १४६ माणसं मेली. बहुतेक जणी परदेशातून आलेल्या तरुण मुली होत्या. बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद होता. अग्निसुरक्षा संस्थेने त्यानंतर माणसांच्या जिवाच्या रक्षणासाठी स्वतंत्र समिती नेमली आणि तिच्याच कामातून आजची ‘लाइफ सेफ्टी कोड’ वाढत गेली.

या मानकांचा इतिहास वाचताना मला वारंवार जाणवतं की यातलं जवळजवळ प्रत्येक कलम कोणाच्या तरी मरणानंतर लिहिलं गेलं आहे. जिन्याची रुंदी, दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडण्याचा नियम, झडपेची जाडी यांची किंमत आधीच मोजली गेलेली आहे, आणि ती मोजणाऱ्यांनी जिवाने मोजली.

लिहिण्याचं काम सरकारने केलं नाही, कारण सरकारकडे तसे जाणकार नव्हते. ते अभियंत्यांनी, विमा कंपन्यांनी, कारखानदारांनी, अग्निशमन अधिकाऱ्यांनी समित्यांत बसून केलं. समित्यांतले बहुतेक लोक मानधन न घेता येत. १८९८ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डडली यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली संस्था, जी आज एएसटीएम म्हणून ओळखली जाते, तिने पोलादापासून रंगापर्यंत हजारो वस्तूंची मानकं अशीच तयार केली. सरकारला हे आयतं मिळालं. कायद्यात पूर्ण मजकूर छापायचा नाही, फक्त ‘अमुक संस्थेचं अमुक क्रमांकाचं, अमुक सालचं मानक पाळावं’ एवढं एक वाक्य लिहायचं, अशी पद्धत पडली. १९६६ च्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याने तिला रीतसर मान्यता दिली. मजकूर संबंधितांना ‘वाजवीपणे उपलब्ध’ असेल तर त्याचा नुसता हवाला दिला तरी तो राजपत्रात छापल्यासारखाच धरावा, अशी ही तरतूद. १९९५ च्या आणखी एका कायद्याने सरकारी खात्यांना सांगितलं की शक्य तिथे खासगी संस्थांचीच मानकं वापरा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत असे हवाले हजारोंनी साठले.

हवाला दिलेली ही मानकं ‘वाजवीपणे उपलब्ध’ कशी होती? एक तर संस्थेकडून विकत घ्या. ते परवडत नसेल तर वॉशिंग्टनला फेडरल रजिस्टरच्या, म्हणजे राजपत्राच्या, कार्यालयाशी वेळ ठरवा आणि तिथे जाऊन वाचा. अलास्कातल्या सुताराने किंवा टेक्सासच्या गवंड्याने वॉशिंग्टनचं तिकीट काढून कायदा वाचून यावा, याला वाजवी उपलब्धता म्हणणं मला पटत नाही.

अमेरिकी न्यायालयांनी या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वी निकालात काढली होती. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे छापणारे हेन्री व्हीटन आणि त्यांच्यानंतर त्या जागी आलेले रिचर्ड पीटर्स यांच्यात भांडण लागलं. पीटर्स यांनी व्हीटन यांच्या खंडांतले निवाडे स्वस्त, संक्षिप्त आवृत्तीत काढले होते. १८३४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की या न्यायालयाच्या निवाड्यांवर कोणाही वृत्तांतकाराचा कॉपीराइट असू शकत नाही. १८८८ मध्ये ओहायोच्या एका खटल्यात तेच तत्त्व राज्यांच्या न्यायाधीशांना लावलं गेलं. पण हे झालं न्यायाधीशांच्या लेखणीबद्दल. खासगी संस्थेने लिहिलेला मजकूर कायद्याने उचलला तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

पीटर वीक पहिल्या फेरीत हरले. २००१ मध्ये अपिलातही तीन न्यायाधीशांच्या पीठाने संस्थेची बाजू उचलून धरली. मग त्याच अपील न्यायालयाच्या, म्हणजे पाचव्या सर्किटच्या, पूर्णपीठाने प्रकरण पुन्हा ऐकलं आणि ७ जून २००२ रोजी नऊ विरुद्ध सहा मतांनी वीक जिंकले. न्यायमूर्ती एडिथ जोन्स यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा गाभा असा: नमुना म्हणून ही संहिता संस्थेची आहे आणि संस्थेचीच राहील, पण अ‍ॅना गावाने ती स्वीकारली की ‘अ‍ॅनाचा कायदा’ म्हणून ती सार्वजनिक झाली. कायद्याचा मसुदा कोणीही केलेला असो, त्याचे मालक लोक आहेत. विरोधी मताच्या न्यायाधीशांना काळजी होती ती पैशाची. विक्री बंद झाली तर या संस्था लिहितील कशाच्या जोरावर? बहुमताने उत्तर दिलं की अशा संस्थांना आपल्या क्षेत्रात सुसूत्रता हवीच असते, त्यांना लिहायला कॉपीराइटखेरीजही पुष्कळ कारणं आहेत. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण हाती घ्यायला नकार दिला आणि निकाल कायम झाला. तो लागू होता फक्त टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत.

संस्थांची ही बाजू खोटी नाही, म्हणून ती नीट मांडली पाहिजे. एक मानक तयार करायला कधी कधी कित्येक वर्षं जातात. समितीचे सदस्य फुकट येत असले तरी बैठका, संपादन, छपाई, जुन्या आवृत्त्यांची सुधारणा हे सगळं पगारी माणसं करतात. संस्थांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा पुस्तकांच्या विक्रीतून येतो. विक्री थांबवून उद्योगांकडून वर्गणी घ्यायची म्हटलं तर ज्यांच्यावर नियम लावायचे त्यांच्याच पैशावर नियम लिहिले जातील, ही त्यांची भीतीही विचार करण्याजोगी आहे. पण या युक्तिवादात एक जागा रिकामी राहते. कायदा मोडला तर शिक्षा भोगणाऱ्याने तो वाचण्याची किंमत का द्यावी, याचं उत्तर त्यात कुठेच नाही.

ही रिकामी जागा ज्याने आयुष्यभर धरून ठेवली तो माणूस कार्ल मलामुद. ते वकील नव्हेत, इंटरनेटच्या अगदी सुरुवातीच्या पिढीतले कार्यकर्ते. १९९३ मध्ये त्यांनी इंटरनेटवरचं पहिलं रेडिओ केंद्र म्हणून ओळखलं जाणारं केंद्र सुरू केलं. त्याच सुमारास अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे कंपन्यांनी दाखल केलेली कागदपत्रं, जी एरवी पैसे देऊन मिळत, त्यांनी लोकांसाठी फुकट खुली केली. दोनेक वर्षांनी त्यांनी जाहीर केलं की आता ही सेवा आपण बंद करणार, हे काम सरकारचं आहे. तोवर लोकांना सवय लागली होती. १९९५ मध्ये आयोगाने ते काम स्वतःकडे घेतलं. आधी करून दाखवायचं, लोकांना चव लावायची, मग सरकारला त्याची जबाबदारी घ्यायला लावायची, ही त्यांची पद्धत तिथे पक्की झाली.

२००७ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात पब्लिक रिसोर्स ही ना-नफा संस्था काढली. २०१२ च्या मार्चमध्ये त्यांनी केंद्रीय कायद्यात हवाला असलेली ७३ सुरक्षा मानकं विकत घेतली. त्यांची किंमतच सात हजार डॉलरच्या पुढे गेली. प्रत्येकाच्या २५ प्रती छापून त्यांनी त्या खोक्यांत भरल्या आणि मानकं लिहिणाऱ्या संस्थांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना पाठवून दिल्या. त्यानंतर शेकडो मानकं संकेतस्थळावर गेली. प्रत्येकाच्या वर त्यांनी एक मुखपृष्ठ लावलं. त्यावर कायद्याचं कलम होतं, हा दस्तऐवज अमेरिकेतल्या सर्व रहिवाशांवर बंधनकारक असल्याचं लिहिलं होतं, आणि तो न पाळल्यास फौजदारी शिक्षा होऊ शकते असा इशाराही होता. त्या मुखपृष्ठावरचा मजकूर बहुतेक मानकांच्या बाबतीत खरा होता. म्हणूनच ते इतकं परिणामकारक झालं. नुसत्या छायाप्रती टाकून ते थांबले नाहीत. पुष्कळ मानकं त्यांनी नव्याने टंकित करून घेतली, आकृत्या पुन्हा काढून घेतल्या, म्हणजे मजकुरात शोध घेता यावा आणि अंध वाचकाला यंत्राकडून तो वाचून घेता यावा.

याच काळात अमेरिकी संसदेनेही एकदा योग्य पाऊल टाकलं होतं. २०१० च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रूनो इथे जमिनीखालची गॅसवाहिनी फुटून आठ जण मेले. त्यानंतर झालेल्या वाहिनी-सुरक्षा कायद्यात, जानेवारी २०१२ मध्ये, असं कलम आलं की जे मानक इंटरनेटवर फुकट उपलब्ध नाही त्याचा हवाला नियमांत द्यायचा नाही. पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली, ‘इंटरनेटवर’ हे शब्द गळले आणि मुदत वाढवली गेली. या एका दुरुस्तीतून कोणाची ताकद किती आहे ते दिसतं.

ऑगस्ट २०१३ मध्ये एएसटीएम, अग्निसुरक्षा संस्था आणि वातानुकूलन अभियंत्यांची संस्था अशा तिघांनी मलामुद यांच्या संस्थेवर वॉशिंग्टनच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. तो दहा वर्षं चालला. २०१७ मध्ये न्यायमूर्ती तान्या चटकन यांनी संस्थांच्या बाजूने निकाल देऊन मनाई हुकूम काढला. २०१८ च्या जुलैत अपील न्यायालयाने तो उठवला आणि सांगितलं की एकेक मानक घेऊन कॉपीराइट कायद्यातली ‘न्याय्य वापरा’ची कसोटी लावा. त्या निकालात न्यायमूर्ती ग्रेगरी कॅटसस यांनी वेगळं टिपण जोडून विचारलं होतं की कायदा वाचणं एखाद्या खासगी संस्थेच्या मर्जीवर कसं अवलंबून ठेवता येईल. चटकन यांनी पुन्हा बसून २१७ मानकं तपासली. ३१ मार्च २०२२ रोजी त्यांनीच त्यांतली १८४ मानकं टाकणं न्याय्य ठरवलं. ३२ बाबतींत नाही म्हटलं, कारण टाकलेली आवृत्ती आणि कायद्यात सांगितलेली आवृत्ती एकच नव्हती. एक मानक अंशतः मान्य झालं. १२ सप्टेंबर २०२३ रोजी अपील न्यायालयाने हे कायम केलं. निकाल लिहिला कॅटसस यांनीच. इतकी वर्षं मजकूर फुकट मिळत असूनही विक्रीला बाधा आल्याचा ठोस पुरावा संस्थांना देता आला नव्हता, हेही त्यांनी नोंदवलं.

हा विजय अर्धाच आहे, हे सांगितलं पाहिजे. कायदा म्हणून स्वीकारलेल्या मजकुरावर कोणाचा कॉपीराइट उरत नाही, असं वीक यांच्या खटल्यात पूर्णपीठाने म्हटलं होतं तसं वॉशिंग्टनने म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की नफा न कमावता लोकांपर्यंत पोचवणं हा कॉपीराइटचा भंग नाही. उद्या दुसऱ्याने टाकलं तर त्याला पुन्हा आपली बाजू सिद्ध करावी लागेल.

मधल्या काळात जॉर्जिया राज्याने मलामुद यांच्या संस्थेवर वेगळाच दावा लावला होता. राज्याचे अधिकृत कायदे टिपांसह एका खासगी प्रकाशकाकरवी विकले जात. मलामुद यांनी ते सगळे खंड विकत घेऊन छायाप्रती केल्या आणि पेन ड्राइव्हवर भरून विधिमंडळातल्या नेत्यांनाच पाठवल्या. २०१५ च्या फिर्यादीत राज्याने त्यांच्या वागण्याला दहशतवादाशी जोडणारा शब्द वापरला. २७ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्याच्या विरुद्ध निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा एक मुद्दा सोपा होता. टिपा नसलेला स्वस्त कायदा वाचणाऱ्या नागरिकाला हे कळणारच नाही की त्यातलं एखादं कलम न्यायालयाने केव्हाच रद्द ठरवलं आहे. पैसेवाल्या वाचकाला ते कळेल. युरोपातही मलामुद यांची संस्था आणि आयर्लंडची राइट टू नो यांनी खेळण्यांच्या सुरक्षेची तीन आणि आणखी एक अशी चार मानकं युरोपीय आयोगाकडे मागितली. आयोगाने नकार दिला, खालच्या न्यायालयाने तो उचलून धरला. ५ मार्च २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लेकराच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यात काय असू नये हे वाचायला मिळण्यात व्यापक लोकहित आहे, हे मान्य व्हायला साडेपाच वर्षं लागली.

आता आपल्या घरी येऊ. भारतात हे काम खासगी संस्थेकडे नाही, सरकारी संस्थेकडे आहे; त्यामुळे इथे प्रश्न अधिक टोकदार होतो. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन १९४७ च्या जानेवारीत स्थापन झाली, ज्या ‘आयएसआय’चा शिक्का आपल्या आईवडिलांनी इस्त्रीवर आणि कुकरवर शोधला. १९८७ पासून ती भारतीय मानक ब्यूरो झाली. सिमेंट, हेल्मेट, घरगुती गॅसचं सिलिंडर, बाटलीबंद पाणी या सगळ्यांची भारतीय मानकं आहेत आणि कित्येकांची सक्ती आहे. इमारतींसाठी नॅशनल बिल्डिंग कोड आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याच्या मूळ मजकुरात २००५ च्या त्या संहितेचा थेट उल्लेख आहे. मुंबई-पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव दर जानेवारीत आणि जुलैत आगरोधक यंत्रणेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र देण्यासाठी धावपळ करतो, त्याच्या मुळाशी हा कायदा आहे. तो मोडला तर कैदेची तरतूद आहे. आणि ज्या संहितेवर तो उभा आहे तिची किंमत होती १३ हजार रुपयांहून अधिक.

मलामुद यांनी ब्यूरोची वर्गणी भरून भारतीय मानकांचा संपूर्ण संग्रह घेतला आणि २०१३ पासून तो इंटरनेटवर ठेवला. एकोणीस हजारांच्या आसपास मानकं. त्यांच्या मुखपृष्ठांवर माहिती अधिकार कायद्याच्या उद्देशिकेतली वाक्यं होती, नेहरूंचं नाव होतं, राजस्थानच्या मजदूर किसान शक्ती संघटनेची जाणण्याच्या हक्काची घोषणा होती आणि भर्तृहरीच्या नीतिशतकातला विद्याधनाविषयीचा विचार होता, ज्या नीतिशतकाला वामन पंडितांनी मराठीत आणलं. कॅलिफोर्नियातल्या माणसाने भारताच्या सरकारी कागदावर ही नावं एकत्र आणावीत, हे मला फार मोलाचं वाटतं. ब्यूरोने हरकत घेतली आणि वर्गणीचं नूतनीकरण नाकारलं. २०१५ मध्ये मलामुद, ‘इंडियन कानून’ हे न्यायनिवाड्यांचं संकेतस्थळ चालवणारे सुशांत सिन्हा आणि श्रीनिवास कोडाली यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. याचिका न्यायालयात असतानाच संसदेने २०१६ चा नवा मानक ब्यूरो कायदा केला. ब्यूरोच्या परवानगीशिवाय भारतीय मानक किंवा त्याचा भाग प्रसिद्ध करायला त्यात मनाई आहे, आणि सक्तीचं मानक मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. मलामुद आणि सॅम पित्रोदा यांनी २०१८ मध्ये ‘कोड स्वराज’ हे पुस्तक काढलं ते याच लढ्यावर. त्या नावामागे गांधीजींचं ‘हिंद स्वराज’ आहे. १९१० च्या त्याच्या इंग्रजी आवृत्तीवर गांधीजींनी कोणताही हक्क राखून ठेवला नव्हता, आणि तसं छापलंही होतं.

हे सगळं मराठी वाचकाला परकं वाटत असेल तर त्याने किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट. सुमारे आठ हजार माणसं मेली. त्यांतली बहुतेक भूकंपाने मेली असं म्हणणं अपुरं आहे, ती घरांखाली मेली. दोन बाजूंनी रचलेल्या, मधे मातीगोट्यांनी भरलेल्या जाड दगडी भिंती, आणि वर लाकडावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. धक्का बसला तेव्हा भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि वरचं ओझं घेऊन खाली आले. भूकंपविषयक भारतीय मानकाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत पहिलं क्षेत्रच काढून टाकलं गेलं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात घातला गेला.

अशाच घरांसाठी ब्यूरोने त्याच १९९३ साली एक मानक काढलं होतं, क्रमांक १३८२८, कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाला भूकंपात टिकाव धरता यावा म्हणून. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवा, दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा पट्टा घाला, कोपऱ्यापासून दार किती दूर ठेवा, असं त्यात आकृत्यांसह सांगितलं आहे. मोठी यंत्रं लागत नाहीत, गावचा गवंडी करू शकेल असं आहे. मातीच्या घरांसाठी १३८२७ हे त्याचं भावंड आहे. ही पानं ज्याच्या हातात असायला हवी होती तो औसा-उमरग्याकडचा गवंडी, आणि ती ठेवलेली होती ब्यूरोच्या विक्री काउंटरवर. कॉपीराइटची ही लढाई मला वकिलांची वाटत नाही ती यामुळे.

आज चित्र बदललं आहे. ब्यूरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून बहुतेक भारतीय मानकं विनामूल्य उतरवून घेता येतात. १३८२७ आणि १३८२८ ही त्यांत पाहून घ्या. मात्र कायद्यातली मनाई तशीच आहे. आणि ही मानकं आहेत इंग्रजीत, काही हिंदीत. तेव्हा ज्यांच्या घरचं कोणी गावी बांधकाम काढत असेल त्यांनी ही दोन मानकं उतरवावीत, गवंड्याशेजारी बसून आकृत्या दाखवाव्यात. आणि ग्रामपंचायतीपासून आमदारापर्यंत ज्याच्यापर्यंत आपला आवाज पोचतो त्याच्याकडे लेखी मागणी करावी की घर, वीज आणि आग यांच्याविषयीची मानकं सरकारने मराठीत छापावीत आणि ती कोणालाही पुन्हा छापता यावीत.